प्रभूची खुर्ची

शाळेत सगळे त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे मोजपट्टी. हे दुसरं नाव बाईंना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नाव पडलं ते त्यांच्या एका खोडीमुळे. दुसऱ्या शाळेची पाहणी करायला गेल्या की बाकीची मंडळी ऑफिसात चहाचे कप हातात घेऊन हवापाण्याच्या गप्पा मारत बसायची. तेवढ्यात या बाई मुलांच्या नळापाशी जाऊन चक्क गुडघ्यांवर बसायच्या आणि ओंजळीने पाणी पिऊन बघायच्या. पहिलीतल्या पोराचा हात नळाला पुरतो का, पाण्याची धार अंगावर येते का, हे स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एवढी प्रौढ बाई फरशीवर गुडघे टेकून पाणी पितेय म्हटल्यावर यजमान शाळेची पाचावर धारण बसायची.

ही पाहणी म्हणजे सरकारी तपासणी नव्हे. सरकारी साहेब येतात, निकाल बघतात, जिने आणि संडास बघतात आणि जातात. चर्चच्या शाळांची आपापसांतली रीत वेगळी. दर काही वर्षांनी एका शाळेत बाकीच्या कॅथलिक शाळांमधले शिक्षक जमून येतात. दोन-तीन दिवस मागच्या बाकांवर बसतात, चॅपलमध्ये मुलांबरोबर प्रार्थना करतात, शिपायापासून पालकांपर्यंत सगळ्यांना बोलतं करतात. शेवटच्या दुपारी सगळ्या शिक्षकांसमोर उभं राहून काय चांगलं, काय उणं ते सांगतात. आणि सगळ्यांत शेवटी येतो तो लाडका भाग, आम्ही तुमच्याकडून काय घेऊन जातोय. प्रत्येक पाहुण्याने एक गोष्ट उचलायची आणि आपल्या शाळेत रुजवायची. कुणी वाचनाचा तास न्यायचं, कुणी भाज्यांचा वाफा. धर्मगुरूंच्या आशीर्वादाने चालणारी चोरी, असं बाई त्याला हसून म्हणत.

बाईंनी अशीच एक गोष्ट उचलून आणली, ती टेकडीवरच्या शाळेतून.

ती शाळा बघूनच बाईंचा जीव हरखला होता. व्हरांड्यात ओरडाआरडा नाही, कुठे छडी नाही, कुणी वर्गाबाहेर उभं नाही. तिसरीच्या वर्गात फळ्याच्या बाजूला एक साधी लाकडी खुर्ची ठेवलेली. तिच्या पाठीवर धुतलेलं पांढरं कापड, वर भिंतीवर क्रूस, आणि खुर्चीसमोर एक स्टूल. ही प्रभूची खुर्ची, असं तिथल्या फादरनी सांगितलं. प्रभू वर्गात हजर असतो हे मुलांच्या ध्यानात राहावं म्हणून ती कायम रिकामी ठेवायची. बाई मागच्या बाकावर बसल्या. शिक्षिका फळ्यावर लिहीत होती. मधल्या रांगेतल्या एका मुलाचा धक्का लागून शेजाऱ्याच्या वहीवर पाणी सांडलं. आपल्याकडे असं झालं तर शेजारी बोंब मारतो, निम्मा वर्ग उभा राहतो. इथे सगळ्या माना वळल्या आणि त्या मुलाकडे बघत राहिल्या. राग नाही, कुजबुज नाही. मुलगा आपण होऊन उठला, स्टुलावर जाऊन मान खाली घालून बसला आणि काही वेळाने जागेवर परत आला. माना पुन्हा फळ्याकडे वळल्या. शिक्षिकेला पत्ताही नव्हता.

बाईंचे डोळे भरून आले. पण त्या पडल्या मोजपट्टी. मधल्या सुट्टीत त्यांनी त्या मुलाला गाठलंच.

"तुला कुणी पाठवलं रे तिकडे?"

"कुणी नाही."

"तुमच्या बाई रागावतील म्हणून गेलास?"

"बाई नाही रागवत."

"मग?"

मुलाने बुटाचं टोक फरशीवर घासलं. "जावंच लागतं," तो म्हणाला.

शेवटच्या दुपारी बाई उभ्या राहिल्या आणि भरल्या गळ्याने म्हणाल्या, "इथे शिक्षा कुणीच करत नाही. लेकरांचा विवेकच जागा आहे. मी ही खुर्ची घेऊन जातेय." टाळ्या पडल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या आणखी दोघांनीही खुर्चीच उचलली. पुढे शिक्षकांच्या मेळाव्यात बाईंना तिच्यावर बोलायला लावलं, आणि बाई बोलायला लागल्या की समोरचा माणूस ऐकतच राहायचा. बघता बघता धर्मप्रांतातल्या सगळ्या शाळांमध्ये फळ्याशेजारी रिकामी खुर्ची आली. हे सगळं बाईंचं पुण्य, असं मोठ्या सिस्टर चारचौघांत म्हणायच्या. मोठ्या सिस्टर म्हणजे बाईंच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या कुणाचं कौतुक सहसा करत नसत, म्हणून ते बाईंच्या फारच जिव्हारी लागलं, चांगल्या अर्थाने.

पहिलं वर्ष खरोखर छान गेलं. मुलं आळीपाळीने खुर्ची पुसायची. भांडणं कमी झाली. मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांत व्हायला पूर्वी केवढा वेळ जायचा, आता घंटा थांबली की टाचणी पडली तरी ऐकू यायची. पालक खूश, सिस्टर खूश. बाई स्वतः शिकवायच्या वरच्या वर्गांना; तिथे खुर्ची नव्हती. त्यामुळे खालच्या मजल्यावरची शांतता त्यांना जिन्यावरूनच भेटायची आणि त्यांना बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी बाईंची नात त्याच शाळेत तिसरीत गेली.

नातीला घरात भुंगा म्हणत. कारण उघड होतं. लिहिताना, चित्र काढताना, बुटाची नाडी बांधतानासुद्धा तिच्या नाकातून एक बारीक सूर चालू असायचा. तिला तो चालू आहे हे कळतही नसे. बाईंचा मुलगा बोटीवर नोकरीला, सून हॉस्पिटलात नर्स, त्यामुळे पोर बहुतेक आजीच्या अंगाखांद्यावरच वाढलेली. बाई स्वयंपाक करताना कान देऊन असायच्या. सूर बंद पडला की समजायचं, पोरगी काहीतरी उपद्व्याप करतेय.

एक दिवस सून ड्यूटीवरून आली, हातपाय धुऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, भुंगा हल्ली गुणगुणत नाही. तुमच्या लक्षात आलं का?"

"मोठी होतेय ती," बाई म्हणाल्या.

"मोठी होतेय म्हणून गालाचं मांस चावते का कुणी आतून? काल दात घासताना रक्त आलं. मी बॅटरी लावून बघितलं. दोन्ही बाजूंनी सोललंय."

सून आठ-आठ तास जखमा बघणारी. तिने आवाज चढवला नव्हता, म्हणून तर बाईंनी हातातलं काम टाकलं. त्यांनी नातीला जवळ घेतलं.

"का गं चावतेस गाल?"

"आवाज येऊ नये म्हणून."

"आला तर काय होतं?"

"बघतात."

"कोण बघतं?"

"सगळे." नातीने हे अशा सुरात सांगितलं, जसं कुणी बाहेर ऊन आहे असं सांगतं. "मग खुर्चीपाशी जायचं."

"तू नको जाऊस. तू काही वाईट केलंय का? बस आपली जागेवर."

"नाही बसता येत आजी. बघतच राहतात. जावंच लागतं."

बाईंना ते टेकडीवरचं पोर आठवलं. तेच दोन शब्द त्यांनी त्या दिवशी ऐकले होते, त्यांवर गहिवरल्या होत्या आणि गावभर सांगत सुटल्या होत्या. एवढ्या शाळा बघितल्या, नळ मोजले, बाकं मोजली, आणि पोराने तोंडाने सांगितलेलं तेवढं नेमकं उलटं ऐकलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

दुसऱ्या दिवशी आपला मोकळा तास साधून बाई तिसरीच्या खिडकीबाहेर उभ्या राहिल्या. आत गणित चाललं होतं. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं की एकही मूल सैल बसलेलं नाही. खांदे वर ओढलेले, कोपर पोटाला चिकटवलेले. एक मुलगी खोकली, माना वळल्या. मुलगी उठली, स्टुलावर जाऊन आली. एकाला उत्तर आलं नाही, माना वळल्या. सुरुवात कोण करतं ते बाईंनी डोळ्यांत तेल घालून शोधलं, पण सुरुवात कुणी करतच नव्हतं. मग एकाची पेन्सिल खाली पडली, आणि या वेळी बाईंची नजर भुंग्यावर होती. भुंग्याची मान सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकीच झटकन वळली. तिच्या तोंडावर काय होतं ते बाईंनी ओळखलं. पोरगी सुटल्यासारखी दिसत होती. आपली पाळी नाही, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

वर्गशिक्षिका नवीन होती, नुकतीच लागलेली, हसरी. बाईंनी तिला जिन्याखाली गाठलं.

"हे चाललंय ते तुला दिसतं की नाही?"

"मी फळ्याकडेच तोंड ठेवते, बाई."

"का?"

शिक्षिका खडूने पांढरी झालेली बोटं पुसत राहिली. "मागच्या महिन्यात माझी बेरीज चुकली फळ्यावर. वळले तर सगळी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, अगं बाई, चुकलंच की. हसले. कुणी हसलं नाही. नुसती बघत होती."

"मग?"

"मग काय करणार. जाऊन बसले."

जिन्याखाली उजेड कमी होता, त्यामुळे ती थट्टा करतेय की काय हे बाईंना आधी समजेना. ती थट्टा करत नव्हती.

बाई तडक मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेल्या आणि खुर्ची काढा म्हणाल्या. सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पाहणी तोंडावर आली होती. या खेपेला पाळी बाईंच्याच शाळेची होती आणि पाहुणे मुळी खुर्ची बघायलाच येणार होते.

"वर्ग शांत आहेत, मारामाऱ्या नाहीत. मी काय कारण सांगू लोकांना?" सिस्टर म्हणाल्या. "आणि बाई, आणली कुणी?"

"मीच आणली."

"मग पाहणी पार पडू दे. नंतर बघू."

नंतर बघू म्हणजे काय ते बाईंना इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कुणी समजावून सांगायला नको होतं. घरी सून म्हणाली, "दुसऱ्या शाळेत घालू तिला." कुठल्या शाळेत घालायचं? चांगली म्हणावी अशी जी जी शाळा होती तिथे बाईंनी स्वतः जाऊन भाषण केलं होतं.

एक वाट उरली होती. पाहणीच्या शेवटच्या सभेत, पाहुण्यांचं बोलून झालं की यजमान शाळेतल्या कुणालाही उठून बोलायची मुभा असते. तिथे सगळ्या शाळांची माणसं असतात. ज्या तोंडाने खुर्ची सगळीकडे पसरवली त्याच तोंडाने ती परत मागायची. नाचक्की होईल, झाली तर झाली. बाईंनी नातीला मांडीवर घेतलं. तिचा गाल आता बाहेरूनही सुजलेला दिसत होता.

"शुक्रवारी मी सगळ्यांसमोर सांगते. मग खुर्ची जाईल."

"नक्की सांगशील?"

"नक्की."

"सगळे असले तरी?"

"सगळे असले तरी," बाई म्हणाल्या, आणि पोरीने कितीतरी दिवसांनी त्यांच्या खांद्यावर मान टाकली.

पाहुणे आले. त्यांचे प्रमुख एक उंच, मऊ बोलणारे हेडसर होते. ते मुलांच्या नळाशी गुडघ्यांवर बसून पाणी प्यायले आणि बाईंकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडूनच शिकलो." बाकी लोक तिसरीच्या वर्गात आळीपाळीने मागे बसत होते आणि डोळे पुसत बाहेर येत होते. बाई व्हरांड्यातून ते बघत होत्या. ओरडून सांगावंसं वाटत होतं त्यांना, पण शुक्रवार ठरला होता. शुक्रवारसाठी त्यांनी वाक्यं मनात पाठ केली होती, भाजी चिरताना, केस विंचरताना.

शुक्रवारी हॉलमध्ये खुर्च्या लागल्या. प्रार्थना झाली. हेडसरांनी शाळेचं तोंड भरून कौतुक केलं. ग्रंथालयात उजेड कमी पडतो, एवढं एक उणं सांगितलं आणि सगळे सैलावून हसले. मग काय घेऊन जातोय, तो भाग आला. पहिले पाहुणे म्हणाले, आम्ही खुर्ची वरच्या वर्गांतही नेणार. दुसऱ्या बाई म्हणाल्या, आमच्या काही पालकांनी घरीच ठेवलीय, जेवणाच्या टेबलाशी; मुलं फार गुणी झालीत, आता सगळ्यांनाच सांगणार आहोत. तिसरे म्हणाले, शिक्षकांच्या खोलीत का नको? माना डोलल्या.

"शाळेतल्या कुणाला काही सांगायचंय?" हेडसरांनी विचारलं.

बाई उठल्या. आवाज खणखणीत निघाला. "मला खुर्चीविषयी बोलायचंय. ती मी आणली. माझं चुकलं. मुलं विवेकाने उठत नाहीत, भीतीने उठतात."

कुणी हरकत घेतली असती तर बाई भांडल्या असत्या. भांडायची त्यांची पूर्ण तयारी होती. पण कुणी हरकत घेतली नाही. माना वळल्या. पुढच्या रांगेतल्या, कडेच्या, दारापाशी उभ्या असलेल्या शिपायाचीसुद्धा. मोठ्या सिस्टर बघत होत्या. संगीताचे सर, ज्यांच्याबरोबर बाईंनी जन्मभर डबा खाल्ला, ते बघत होते. कुणाच्या डोळ्यांत राग नव्हता. बाईंनी आधारासाठी तिसरीच्या शिक्षिकेकडे पाहिलं, कारण तिला तरी ठाऊक होतं. तीही बघत होती, आणि तिच्या तोंडावर तेच सुटल्याचं समाधान होतं जे बाईंनी खिडकीतून नातीच्या तोंडावर पाहिलं होतं.

पाठ केलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. थांबलं की बघणं आणखी घट्ट होत होतं.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "मला म्हणायचंय, स्टूल उंच आहे. लहान मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. त्याने ती बिचकतात."

हॉलने श्वास सोडला. हेडसर हसले, सगळे हसले, अगदी प्रेमाने. "मोजपट्टी ती मोजपट्टीच," संगीताचे सर म्हणाले. स्टूल बुटकं करायचं ठरलं, सगळ्या शाळांमध्ये. बाई खाली बसल्या आणि त्यांनाही, लाज वाटावी इतकं, बरं वाटलं.

फाटकापाशी भुंगा उभी होती. बसची वाट बघणारी तिच्या वर्गातली आणखी काही मुलं मागे होती.

"सांगितलंस?"

"हो. बोलले मी."

"सगळं?"

"बोलले गं. आता स्टूल छान होणार आहे तुमचं. बुटकं."

"खुर्ची जाणार?"

बाईंनी तिचं दप्तर घ्यायला हात पुढे केला. नातीने दप्तर दिलं नाही. ती रडली नाही, रुसली नाही. ती बघायला लागली. बाई म्हणाल्या, चल, आई वाट बघत असेल. बाई म्हणाल्या, तुला काय कळतंय गं, तिथे केवढी माणसं होती. मागच्या मुलांच्या गप्पा थांबल्या आणि त्यांच्याही माना वळल्या. बस आली, दार उघडून उभी राहिली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तरी एकही मूल हललं नाही.

बाई वळल्या आणि शाळेत परत गेल्या. व्हरांडा ओलांडून तिसरीच्या वर्गात गेल्या. झाडूवाल्याने बाकं सरकवून ठेवली होती. स्टुलावर बसताना त्यांचे गुडघे कुरकुरले. समोर पांढरं कापड घातलेली खुर्ची होती. त्यांनी प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं, पण प्रार्थना आठवेना. मागे दारात पावलं वाजली आणि थांबली. बाईंनी वळून पाहिलं नाही, तरी सगळ्यांत पुढे कोण उभं आहे ते त्यांना समजलं. आता केव्हा उठायचं, ते त्यांना कळेना. इतक्या शाळा हिंडून, इतकी मुलं बोलती करून, तेवढं त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.